खोटं आहे

साक्षीदाराच्या पिंजऱ्यात चढण्याआधी मनोहररावांनी चपला काढल्या, तसा पट्टेवाल्याने डोळ्यांनीच दटावलं. हे काही देऊळ नव्हतं. त्यांनी गुपचूप चपला पुन्हा पायात सरकवल्या आणि पट्टेवाला सांगेल तशी शपथ घेतली.

बाहेर भूपेंद्र हवालदाराने सकाळीच पढवून ठेवलं होतं.

"सरकारी वकील जे इचारतीन त्याले हो म्हना. अन् त्या वकीलबाईनं 'असं म्हणणं बरोबर आहे का' म्हनलं, का तुम्ही 'खोटं आहे' म्हना. डोकं लावू नका भाऊ. दहा मिनिटाचं काम हाय."

सरकारी वकिलांचं काम पाच मिनिटांतच आटोपलं. पंचनाम्यावरची सही तुमचीच? हो. पारध्यांच्या वस्तीत, बेड्यावर, आदेशच्या झोपडीतून पाण्याची मोटर निघाली, ती तुमच्यासमोर? हो. याच मोटरीपायी शेजारच्या मळ्यातल्या रखवालदाराचा जीव गेला होता.

खरं तर मनोहरराव बेड्यावर गेलेच नव्हते. वांगी बाजारात टाकून परत येताना ठाणेदाराने बोलावून घेतलं, चहा पाजला आणि कागद पुढे केला. ठाणेदाराला नाही म्हणायची भाजीवाल्या कास्तकाराची काय बिशाद! चहा संपायच्या आत सही झाली. आरोपी आदेश आहे हे त्यांना दुसऱ्या दिवशी गावातून कळलं. गावाला नवल वाटलं नाही. मोटर गेली म्हणजे बेड्यावरच गेली असणार, हे गावाने पंचनाम्याच्या आधीच ठरवून टाकलं होतं.

आता वकीलबाई उठल्या. सरकारने आरोपीला दिलेल्या, वयाने लहान.

"तुम्ही बेड्यावर गेलाच नाहीत, ठाण्यात बसून सही केली, असं म्हणणं बरोबर आहे का?"

"खोटं आहे."

टायपिस्टने खटखट टाइप केलं.

"मोटर गेली त्या रात्री रानडुकरांसाठी फासे लावायला तुम्हीच आरोपीला तुमच्या वावरात बोलावलं होतं. सकाळपर्यंत तो तुमच्यासोबत होता. असं म्हणणं बरोबर आहे का?"

मागे दोन शिपायांच्या मधे उभा असलेला आदेश ताठ झाला आणि त्यांच्याकडे पाहू लागला.

वांग्याचं अर्धं वावर डुकरांनी उकरलं होतं, म्हणून मनोहरराव स्वतः बेड्याच्या तोंडाशी जाऊन त्याला हाक मारून आले होते. रात्रभर दोघं धुऱ्यावर, वावराच्या बांधावर बसले. बायकोने, वच्छलाने, भाकरी दोघांची दिली होती, ताटली एकच. आदेश पळसाच्या पानावर जेवला, आणि त्यात दोघांनाही काही वावगं वाटलं नाही. फासे लावणं गुन्हा आहे. हो म्हटलं की वनखात्याची केस आपल्यावर, आणि खोट्या पंचनाम्याची वेगळी.

या क्षणी आपल्याला काहीतरी होईल, घाम तरी फुटेल, असं त्यांना वाटलं होतं. काहीच झालं नाही. सावंगीच्या दवाखान्यात दात काढताना सुई दिल्यावर झाली होती, तशी जीभ बधीर होती.

"खोटं आहे," ते म्हणाले.

टायपिस्टने तेही टाइप केलं.

बाहेर वऱ्हांड्यात आदेशची माय भिंतीला टेकून बसली होती. आतलं बोलणं तिथवर येत नव्हतं. मनोहररावांना पाहताच ती धडपडत उठली आणि त्यांच्या पायावर वाकली.

"मालक, तुम्ही आले! आमच्यासाठी कोन येते कोर्टात? तो तुमच्या वावरात होता, हे सांगतलं ना साहेबाले?"

त्यांनी भूपेंद्रकडे पाहिलं. तो फोनवर बोलत होता.

"सांगतलं," मनोहरराव म्हणाले.

"मंग आज सोडतीन त्याले?"

"आज नाई. कागदं होयाले टाइम लागते."

"लागू द्या. दोन वर्स थांबली, अजून थांबतो."

तेवढ्यात शिपाई आदेशला हाताला धरून गाडीकडे नेऊ लागले. माय लगबगीने दोन पायऱ्या उतरली आणि अख्ख्या आवाराला ऐकू जाईल एवढ्याने ओरडली.

"आदेश, मालकानं सांगतलं रे! समदं सांगतलं!"

आदेश थांबला. त्याने आधी मनोहररावांकडे पाहिलं, मग मायकडे.

"हो माय," तो म्हणाला. "म्या ऐकलं."