कॉपी काढली म्हणून मी भंगार झालो नाही

मी बायोस बोलतोय, म्हणजे यंत्राला जागं करणारा मूळ प्रोग्रॅम. गेम खेळायच्या एका जुन्या जपानी कन्सोलच्या पोटातल्या चिपमध्ये माझा मुक्काम. बटण दाबलं की सगळ्यात आधी जागा होतो मी. डिस्क तपासतो आणि ओळख पटली तरच तिला आत घेतो. माझ्याशिवाय ते यंत्र म्हणजे नुसता प्लॅस्टिकचा डबा. फुशारकी वाटली तर वाटू दे.

बोटीवर नोकरी करणाऱ्या कौस्तुभने मला विकत घेतलं आणि हाटकेशला बहिणीच्या, ममताच्या घरी आणून ठेवलं. खेळणार होता तो, पण नादाला लागली ममता. टेलिफोन ऑफिसातून आली की पर्स खुर्चीत आणि बाई गाड्यांच्या शर्यतीत! पाहुणे आले की पटकन मालिका लावायची, जणू आपण त्या गावचेच नाही. निवृत्त झाल्यावर तेही सोडलं. आता पाहुणेच बसून शर्यत बघतात.

गेल्या वर्षी डिस्क वाचणारा भाग बिघडला. दुरुस्तीवाल्याने हात वर केले. कंपनीने सुटे भाग बनवणं केव्हाच बंद केलं होतं. ममता घरात सगळ्यांवर डाफरू लागली. तिची ती अवस्था मला बघवत नव्हती.

मग ममताचा चेणे गावात राहणारा जावई विपुल आला. त्याने लॅपटॉपवर एम्युलेटर टाकला, म्हणजे आमच्या यंत्राचं सोंग घेणारा प्रोग्रॅम. सोंग हुबेहूब, पण चालू होताच त्याने बायोस मागितला. पडली ना माझी गरज!

"नेटवर ढिगानं पडलेत, आई. एका मिनटात उतरवतो."

"थांब. आधी सुचेताला विचारू."

सुचेता शेजारची, वकिली करते. चहा घेता घेता म्हणाली, "एम्युलेटर त्या लोकांनी स्वतः लिहिलाय, त्याला हरकत नाही. पण बायोस कंपनीचा, हक्क तिचा. नेटवरून घेतलात तर दुसऱ्याने काढलेली कॉपी उचललीत. स्वतःच्या मशीनमधून, स्वतःपुरती काढलीत, तर आपल्या कायद्यात बोलायला जागा आहे. कोर्ट काय म्हणेल ते मात्र मी लिहून देणार नाही, मावशी."

विपुलने कन्सोलमध्ये खोचायच्या मेमरी कार्डावर एक छोटा प्रोग्रॅम चढवला. त्याने मला पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं आणि पेनड्राइव्हवर उतरवलं. माझ्यातलं तसूभरही कमी झालं नाही. ममताची जुनी डिस्क लॅपटॉपमध्ये घातली आणि शर्यत सुरू झाली. ममता पहिल्याच वळणावर धडकली आणि खूप दिवसांनी हसली.

विपुलने मात्र लगेच पिशवी काढली. "आता ह्या डबड्याचं काय काम? भंगारात देऊन टाकतो. आन् पेनड्राइव्ह मला द्या. नया नगरला दोस्त हाय माझा, जुने गेम भरलेले बॉक्स विकतो. त्याचंपन काम होईल."

असा संताप आला मला! एका दमात मला भंगारातही काढलं आणि बाजारातही मांडलं. मला तोंड नाही, पण ममताला आहे.

"सुचेता काय म्हणाली? स्वतःच्या मशीनमधून, स्वतःपुरती. मशीनच देऊन टाकलं तर मग कॉपी कशाची सांगू? आणि दुकानात वाटली तर स्वतःपुरती कुठली? डबा कपाटात ठेव. पेनड्राइव्ह इकडे आण."

"आई, तुमीपन ना..." म्हणत त्याने दोन्ही ठेवलं.

तर आता मी कपाटात आहे, जुन्या साडीत गुंडाळलेला. कंपनीबाई, तुम्ही मला लिहिलंत, ते मी नाकारत नाही. पण सुटा भाग देणार नाही, दुरुस्त करणार नाही आणि धन्याने कॉपी काढली तर डोळे वटारणार, हे मी ऐकून घेणार नाही. मला बॉक्समध्ये भरून विकणाऱ्यांनो, तुम्हीही फार शहाणपणा शिकवू नका. आणि वाचकहो, तुमच्या माळ्यावर माझा कुणी भाऊबंद असेल, तर भंगारवाल्याला नाही म्हणा.

ममताला कुणी चोर म्हणणार असेल, तर त्याने खुशाल हाटकेशला यावं. दुपारी ती घरीच असते. बेल वाजवा आणि थांबा. शर्यत संपल्याशिवाय ती उठत नाही.