आवाज मागे पडतोय

घरात त्याला घुम्या म्हणत. लहानपणी ताईने ठेवलेलं हे नाव पोराने पुढे इतक्या निष्ठेने पाळलं, की खरं नाव विजेच्या बिलापुरतं उरलं. नोकरी सोडून तो घरी बसून, एकट्याने सॉफ्टवेअर करायला लागला तेव्हा ताई म्हणाली होती, "बरं झालं. तोंड उघडायची तेवढी एक सक्ती होती, तीही गेली."

त्याचं सॉफ्टवेअर स्क्रीनवर जे दिसेल ते टिपून ठेवायचं. माउसने हवा तेवढा चौकोन आखा, बटण दाबा, चित्र तयार. शिकवणारे मास्तर, तक्रारखोर गिऱ्हाइकं, आपलंच कसं बरोबर होतं हे बायकोला पटवू बघणारे नवरे, सगळ्यांना ते उपयोगी पडे. टिपण्याच्या क्षणी ते स्वतःची खिडकी अलगद लपवायचं, म्हणजे चित्रात त्याचा मागमूसही दिसत नसे. यावर घुम्याने आठवडेच्या आठवडे खर्ची घातले होते. स्वभावाला साजेसं काम हाती आलं की माणूस रमतोच.

खोलीत एक टेबल, दोन स्क्रीन आणि दोन खुर्च्या होत्या. दुसऱ्या खुर्चीवर वायरींची भेंडोळी बसलेली असत. दिवसभरात त्याच्याशी बोलायचे ते फक्त वापरणारे, आणि तेही लेखी. कुणाचं चित्र पुसट येई, कुणाला बाण लाल हवा, कुणाला तोच बाण जरा कमी लाल हवा. तो प्रत्येकाला सविस्तर उत्तर लिही आणि धन्यवादाची वाट बघत बसे. पण यात एक गोम होती. सॉफ्टवेअर नीट चाललं की कुणी लिहीत नसे. त्याने एकदा सगळ्या चुका दुरुस्त केल्या, तर पुढचा आठवडाभर त्याला एकाही माणसाचा निरोप आला नाही. शेवटी तो वाण्याकडे जाऊन उगाच साबणाच्या वड्यांची चौकशी करून आला.

मग त्याने नवीन काम काढलं: नुसतं चित्र नाही, स्क्रीनवरची हलती दृश्यं आवाजासकट टिपायची. इथे घोडं अडलं. रेकॉर्डिंग जसजसं लांबे, तसतसा आवाज ओठांच्या मागे पडे. माणूस बोलून मोकळा होई आणि शब्द मागाहून पोचत. तपासायला कॅमेऱ्याकडे तोंड करून बराच वेळ बोलणारं कुणीतरी हवं होतं. असं माणूस त्याच्या ओळखीत एकच होतं.

आई दुसऱ्या गावात, तिसऱ्या मजल्यावर एकटी राहायची. वडील गेल्यापासून ती रोज दुपारी त्याला व्हिडिओ कॉल करी. त्याने तिला सगळं समजावून सांगितलं तेव्हा ती हरखलीच. "म्हणजे माझी बडबड कुणाच्यातरी कामी आली म्हणायची! तुझे वडील असते तर त्यांना खरं वाटलं नसतं."

तेव्हापासून ती केस विंचरून, उजेडाकडे तोंड करून बसू लागली. ती बोलायची आणि हा दुसऱ्या स्क्रीनवरच्या रेकॉर्डिंगमध्ये तिच्या ओठांकडे टक लावून बघायचा. गुडघे, गळका नळ, शेजारीण, जिना, सगळं त्याच्या कानांवरून जायचं. नळी फुंकली सोनारे, इकडून तिकडे गेले वारे! मधेच तो हात वर करी. "थांब आई, आवाज मागे पडतोय. तेच वाक्य परत म्हण." ती बिचारी परत म्हणे.

असे दोनेक महिने गेले. एके दुपारी त्याला दिसलं, की आईच्या मागची हिरवट भिंत पांढरी येतेय. झालं! रंग बिघडले. त्याने कॉल आटोपता घेतला आणि संध्याकाळपर्यंत तो रंगांची चूक शोधत बसला. दुसऱ्या दिवशी भिंत पांढरीच. तिसऱ्या दिवशी त्या पांढऱ्या भिंतीपुढे त्याची भाची येऊन उभी राहिली आणि तिने त्याला जीभ दाखवली.

"ती तिथे काय करतेय?" घुम्याने विचारलं.

ताई कॅमेऱ्यात डोकावली. "अरे शहाण्या, ती तिच्याच घरात आहे. आई आलीय माझ्याकडे, कायमची. तुला तिने सांगितलं की!"

सांगितलं असणारच. तो "हं" म्हणाला असणार.

नंतर त्याने ताईला वेगळा फोन लावला. त्याला राग आला होता, आणि रागाखाली खरं तर दुसरंच काहीतरी होतं. गेलं वर्षभर तो मनात एकच गोष्ट घोळवत होता: आईला इकडे आणायचं. आतली खोली त्याने झाडूनही ठेवली होती. पण ती घर सोडणार नाही, आपल्या घुम्या संसारात तिचा जीव रमणार नाही, असं स्वतःच ठरवून तो गप्प बसला होता.

"मला निदान विचारायचंस तरी," तो म्हणाला.

"तिने आधी तुलाच विचारलं रे," ताई म्हणाली. "तू काही उत्तर दिलं नाहीस. मग मी म्हटलं, चल माझ्याकडे."

"कधी विचारलं?"

"आता ते मी सांगू?"

काखेत कळसा नि गावाला वळसा! सगळे कॉल त्याच्याकडे टिपलेले होतेच. तो एकेक काढून ऐकू लागला, आणि ऐकायला म्हणून तो ते पहिल्यांदाच ऐकत होता. जिन्यात वीज गेली तेव्हा आई पायरीवरच बसून राहिली होती. आलेल्या तापाबद्दल तिने शेजारणीलाही सांगितलं नव्हतं. आणि मग ते सापडलं. आईने मान खाली घातली, पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि म्हणाली, "मला आता इथे एकटीला नको वाटतं रे. तुझ्याकडे येऊन राहू का?"

लगेच त्याचाच आवाज. "थांब. परत म्हण."

तिने परत म्हटलं.

"अजून एकदा. जरा सावकाश."

तिसऱ्यांदा तिने एकेक शब्द सुटा करून म्हटलं, लहान मुलाला शिकवावं तसं.

"वा! जुळलं!" तो ओरडला होता.

"जुळलं ना? बरं झालं," आई म्हणाली होती, आणि पुन्हा नळाबद्दल बोलू लागली होती.

घुम्याला रडू फुटलं. ज्या वाक्यासाठी तो वर्षभर तहानलेला होता, ते तिने तीनदा म्हटलं होतं, आणि याने तिचे ओठ तपासले होते.

दुसऱ्या दिवशी त्याने रेकॉर्डिंग बंद ठेवलं. वायरी उचलून कोपऱ्यात टाकल्या, तोंड धुतलं आणि स्वतःहून कॉल लावला. आई खिडकीशी बसली होती आणि भाची तिची वेणी घालत होती. त्याने वेळ न घालवता, एका दमात म्हणून टाकलं, "आई, माझ्याकडे येऊन राहशील का?"

आई एकदम सावध होऊन पुढे झुकली आणि डोळे बारीक करून त्याच्या तोंडाकडे बघू लागली. "परत म्हण बघू. जरा सावकाश."

त्याने परत म्हटलं, "माझ्याकडे येऊन राहशील का?"

"जुळतंय रे!" ती टाळी वाजवून म्हणाली. "ओठ आणि आवाज अगदी बरोबर. जरासुद्धा मागे पडत नाहीये." मग मागे वळून नातीला म्हणाली, "मामाच्या कामात माझीच मदत असते, माहीत आहे?"

चाचणी नाही, खरंच विचारतोय, एवढंच सांगायचं राहिलं होतं. पण आज तो तिच्या ओठांकडे नाही, तिच्याकडे बघत होता. तिचे गाल भरले होते. भाचीने केस ओढले की ती खोटं खोटं ओरडत होती, आणि आतून ताई दोघींना हसत होती. आता खरं सांगितलं, तर ती आजच पिशवी भरायला घेईल आणि ताई दुखावली तर नाही ना, म्हणून रात्रभर तिच्या तोंडाकडे बघत बसेल.

"झालं ना तुझं काम?" आईने विचारलं.

"झालं."

"उद्या परत करायचं का?"

"हो," घुम्या म्हणाला. "उद्या परत हेच म्हणेन."