वस्तू पोहत आली तो दिवस

क्रॅगनेसच्या बचावनौकेनं त्या फेब्रुवारीत खडकावर फुटलेल्या गलबतावरचे पाचही जण जिवंत आणले. असं काही घडलंच नाही.

नौकाघराच्या भिंतीवर एक काळा फळा आहे. बचावकेंद्र सुरू झाल्यापासूनची प्रत्येक फेरी त्यावर पांढऱ्या रंगात लिहिलेली आहे: जहाजाचं नाव, आत माल कोणता, माणसं किती वाचली. हा दिवस त्यावर नाही, आणि फळ्यावर नाही ते क्रॅगनेसमध्ये होत नसतं. तर, न झालेली हकीकत अशी.

सकाळी गलबत खडकावर चढलं. थॉमसिन धावत किनाऱ्यावर पोचली तेव्हा डोलकाठीला चिकटलेली पाच माणसं दिसत होती. वरून दुसरा तिचा नवरा, अँब्रोज. त्या हिवाळ्यात हेरिंग मासे फिरकलेच नव्हते, म्हणून तो या मालवाहू गलबतावर कामाला लागला होता. लाट यायची, काठी झाकून टाकायची, ओसरायची. थॉमसिन मोजायची. पाच. लाट. पाच.

क्रॅगनेसची रीत अशी, की नाव चाकांच्या गाड्यावर असते, पुरुष आधीच तिच्यात वल्ही धरून बसतात आणि बायका दोर ओढत गाडा छातीभर पाण्यात नेतात. पुरुष कोरडे निघावेत म्हणून. पुढचं समुद्र बघून घेतो. सुकाणूवर थॉमसिनचा थोरला भाऊ कथबर्ट होता. दोरावर सगळ्यांत पुढे थॉमसिन, तिच्या मागे कथबर्टची बायको पेगी, मग गावातल्या बाकीच्या.

पुढची चाकं पाण्याला लागली आणि फेसातून एक डुक्कर बाहेर आलं.

आपण कोरड्यात बसलोय, आपल्याला हा शब्द लिहिता येतो. क्रॅगनेसमध्ये तो कोणी उच्चारत नाही. फारच अडलं तर ‘वस्तू’ म्हणतात. वस्तू दिसली की त्या दिवशी नाव पाण्यात घालायची नाही. थॉमसिन लहान होती तेव्हा एका दारुड्यानं धक्क्यावर उभं राहून तो शब्द मोठ्यानं म्हटला होता. नावेतले पुरुष हसले आणि गेले. त्यातला एकही परत आला नाही, तिचा बापही.

वस्तूनं अंग झटकलं आणि ती गाड्याच्या बरोब्बर पुढे बसली.

नावेतल्या सगळ्यांनी एकदम लोखंड धरलं, कारण यावर उतारा तेवढाच. कोणी कडी धरली, कोणी खिळा. उरलेल्या एका हातानं वल्हं मारता येत नाही. मारलंच तर नाव गोल फिरते, आणि उलटी फिरली तर तो वेगळा अपशकुन.

“अँब्रोज मला माल बटाट्यांचा म्हणाला होता,” थॉमसिन म्हणाली.

“बटाटे पोहत नाहीत गं,” पेगी म्हणाली.

“दादा, वल्ही धरायला सांग त्यांना.”

“सांगतो की. उद्या.”

“उद्या कोणाला आणशील? काठीला?”

“थॉमे, ती माझ्याकडे बघतेय.”

“तुझी दाढीच तशी आहे, सगळेच बघतात. चल ना रे दादा!”

कथबर्ट हसला नाही. “आबा गेले तेव्हा कोण रडत होतं, कळत असून का गेले म्हणून? तूच ना? मग मी कळत असून जाऊ?”

थॉमसिनचाही एक हात गाड्याच्या लोखंडी कडीवर होता. कधी गेला होता, तिचं तिलाच ठाऊक नव्हतं.

तेवढ्यात पाद्री प्रार्थना म्हणायला धावत आला. नावेजवळ पाद्रीही चालत नाही. त्याचंही नाव घेत नाहीत. “काय अडलंय?” त्यानं विचारलं. कोणी सांगेना, सांगायचं तर शब्द उच्चारावा लागला असता. शेवटी त्यानं आपल्या अकलेनं अंदाज बांधला, खाली वाकला आणि वस्तू खांद्यावर टाकून चालू लागला. बंदी असलेला एक शब्द बंदी असलेल्या दुसऱ्या शब्दाला घेऊन निघालेला पाहून वल्हेकऱ्यांनी डोळेच मिटले.

लाट. चार.

थॉमसिननं पुन्हा मोजलं. पाच. एक जण दोरीला नुसता लोंबत होता. कोणता ते कळत नव्हतं.

तिनं कडी सोडली आणि दोन्ही हातांनी दोर धरला. “ओढा!”

“खबरदार!” कथबर्ट वरून ओरडला. “नाव आमची आहे!”

“दोर आमचा आहे!”

दोर तिच्या एकटीच्यानं हलेना. मागे कोणीच ओढत नव्हतं. तिनं वळून पाहिलं.

“वहिनी.”

पेगीनं वर नावेकडे पाहिलं. “माझा कोरडा बसलाय गं,” ती हळूच म्हणाली.

“हो.”

पेगी आणखी एकदा नवऱ्याकडे बघत राहिली. मग तिनं दोर ओढला. तिच्यामागे सगळ्यांनी ओढला.

एकदा नाव लाटांत शिरली की वल्हं मारावंच लागतं, नाहीतर ती आडवी होते. शिव्या देत सगळ्यांनी लोखंड सोडलं. सगळ्यांत घाण शिवी कथबर्टची होती, आणि ती बहिणीला होती.

दुपारी नाव परतली. गलबतावरचे पाचही जण आत होते, सगळे वल्हेकरी होते. सुकाणूपाशी कोणी नव्हतं. परतताना मागून एक लाट आली आणि तेवढा एकच माणूस घेऊन गेली. अँब्रोज पाण्यात उतरला आणि काहीतरी बोलायला लागला. थॉमसिननं त्याच्या तोंडावर हात ठेवला. पेगी कमरेइतक्या पाण्यात दोर धरून उभी होती. दोराच्या दुसऱ्या टोकाला काही नव्हतं.

वसंतात केंद्राचा इतिहास लिहून न्यायला निरीक्षकसाहेब आले.

“गलबतावर माल कोणता होता?”

सगळ्यांनी लोखंडी शेगडीला हात लावला. शेगडी पेटलेली होती, तरी लावला.

मालाशिवाय नोंद होत नाही. नोंद नाही म्हणजे फेरी नाही, आणि फेरीच झाली नाही तर कथबर्ट बुडेल कसा? कागदोपत्री तो अजून सुकाणूवर आहे. मार्चच्या सरावाला हजर नव्हता म्हणून साहेबांनी ताकीदही दिली. पेगीनं ती सही करून घेतली.

“आणखी कोणाला काही सांगायचंय?”

थॉमसिन उभी राहिली. पेगी तिच्याकडे बघत नव्हती. फेब्रुवारीपासून बघतच नव्हती.

“लिहा,” थॉमसिन म्हणाली.

“सदर दिवस क्रॅगनेस केंद्रास पुन्हा एकदा देण्यात यावा. समुद्र, गलबत व माल तेच असल्यास हरकत नाही. मात्र सुकाणूवर अर्जदार बाईस बसवावे व तिच्या भावास दोरावर, त्याच्या बायकोशेजारी उभे करावे. ओढायचे की नाही, हे त्या दोघांनी ठरवावे. ते काहीही ठरवोत, अर्जदाराची तक्रार राहणार नाही. तरी योग्य तो हुकूम लवकर व्हावा, ही विनंती.”