परागची कट्यार

मित्रांनो, मी एक जुनी कट्यार आहे. वीतभर पातं, चांदीची मूठ आणि लाल मखमलीचं म्यान. साताऱ्याकडच्या एका सरदार घराण्यासाठी लोहाराने मला विस्तवात लाल केलं, ऐरणीवर बडवलं आणि तेलात बुडवलं. त्या घराण्यातल्या पुरुषांच्या कमरेला राहून मी किती पोटं फाडली, ते कुणी लिहून ठेवलं नाही. दसऱ्याला मात्र मला झेंडूचा हार मिळे आणि पाहुणे म्हणत, "काय धार आहे!"

पुढे इनाम गेलं, जमिनी गेल्या. घराण्यातले शेवटचे सरदार मुंबईत एका कंपनीत नोकरी करता करता वारले. त्यांच्या पत्नी अंबिकाराजे दोन मुलांना घेऊन मीरा रोडला, शांती नगरातल्या दोन खोल्यांत राहायला आल्या. बिल्डिंगमधले लोक त्यांना हौसेने 'आईसाहेब' म्हणत. पाण्याचा टँकर आला की त्या आईसाहेब बादली घेऊन सगळ्यांबरोबर रांगेत उभ्या राहत. मी भिंतीवर, टीव्हीच्या वर टांगलेली असे.

थोरला पराग लष्करात लेफ्टनंट होता. सुट्टीवर आला की गॅलरीत बसून मिठागरांकडे बघत तो कविता करायचा आणि धाकट्या अभिनवला ऐकवायचा. अभिनवला कविता कळत नसत. त्याला मी आवडायचे.

१९८७ साली परागच्या पलटणीला श्रीलंकेला जायचा हुकूम आला. निघताना त्याने मला भिंतीवरून उतरवलं.

"आईसाहेब, हिला नेतो. घरातलं कुणीतरी सोबत असेल."

"ने बाबा. पण ती आता शोभेचीच आहे," आईसाहेब म्हणाल्या. मलाही तसंच वाटत होतं.

जाफन्यात तमिळ बंडखोरांची गोळी प्रत्येक खिडकीतून येत होती. पहिल्याच आठवड्यात रस्त्यात पुरलेला सुरुंग फुटला आणि पुढची गाडी उडाली. पराग धावला. एका जवानाचे हात धरून त्याने त्याला धुरातून ओढलं, तर त्याला कमरेखाली काहीच नव्हतं. त्या रक्तात माझं मखमली म्यान भिजून काळं पडलं.

एका दुपारी पलटण घराघरांतून शत्रू शोधत होती. परागच्या मागे कोंडिराम होता, वायरलेस सांभाळणारा मराठवाड्यातला जवान. पराग एका स्वयंपाकघरात शिरला, तोच दारामागून एकजण त्याच्या अंगावर कोसळला. परागची बंदूक हातातून निसटून दूर पडली. दोघं भांड्यांवर आपटत खाली पडले. त्या माणसाची बोटं परागच्या गळ्यात रुतली. परागने मला उपसलं. मी बरगड्यांखालून आत गेले. बाहेर आले, पुन्हा आत गेले, पुन्हा. मित्रांनो, इतकी वर्षं मी भिंतीवर काढली होती, पण माझी धार काहीच विसरली नव्हती.

तो परागच्याच वयाचा होता. तो लगेच मेला नाही. परागची कॉलर धरून तो एकच शब्द पुटपुटत राहिला, "तण्णी... तण्णी..."

"काय? क्या बोल रहा है?" पराग ओरडत होता. मग कॉलरवरची पकड सुटली.

बाहेर आल्यावर परागने तुकडीतल्या एका तमिळ जवानाला त्या शब्दाचा अर्थ विचारला.

"पानी, साब. पानी माँग रहा था."

परागच्या कमरेला, माझ्या शेजारीच, पाण्याने भरलेली बाटली होती.

संध्याकाळी त्याने कविता केली. कागदावर नाही, तोंडीच. ती त्याने कोंडिरामला ऐकवली.

"माझ्या कमरेला दोन वस्तू होत्या.
एकीने त्याचा जीव घेतला.
दुसरीने निदान घसा ओला झाला असता,
पण मला त्याची भाषा येत नव्हती."

सकाळी नारळाच्या बागेतून गोळ्या आल्या. पहिली परागच्या मांडीत घुसली, दुसरी गळ्यात. कोंडिरामने दोन्ही हातांनी त्याचा गळा दाबून धरला. बोटांमधून रक्त उसळत राहिलं. पराग काही सांगू बघत होता, पण तोंडातून नुसता लाल फेस आला. तिथेच तो गेला.

त्याच्या अस्थी आणि सामानाची पेटी शांती नगरात आली, तेव्हा दुकानं बंद ठेवून लोकांनी घोषणा दिल्या. पेटीतल्या पलटणीच्या पत्रात माझी हकिकत होती. मला पुन्हा भिंतीवर टांगलं. येणारा-जाणारा मला हात लावून म्हणे, "हिनेच शत्रू मारला!" माझं इतकं कौतुक कधीच झालं नव्हतं. अभिनव मला तेल लावून लखलखीत ठेवायचा.

काही वर्षांनी कोंडिराम लष्करातून सुटून भाईंदरला भावाकडे राहायला आला. तो आईसाहेबांना भेटला. पुढ्यातला चहा गार झाला तरी तो सांगतच राहिला.

"साहेबांनी लई तरास करून घेतला, आईसाहेब. त्या दिशी जेवले बी न्हाईत."

आईसाहेबांनी ती कविता त्याच्याकडून पुन्हा पुन्हा म्हणून घेतली. अभिनवला मात्र त्यांनी काही सांगितलं नाही.

१९९३च्या जानेवारीत हिंदू-मुस्लिम दंगलींत मुंबई पेटली. एका दुपारी आमच्या बिल्डिंगखाली कुणीतरी ओरडलं, पलीकडच्या मुस्लिम वस्तीतून, नया नगरकडून जमाव येतोय. पोरं सळया आणि हॉकी स्टिक घेऊन जमली. अभिनव धावत वर आला आणि त्याने मला म्यानातून उपसलं.

आईसाहेब दारात आडव्या उभ्या राहिल्या. "ठेव ती."

"आई, बाजूला हो. सगळे थांबलेत खाली. दादाने हिनेच मारलं ना? मग?"

"मारलं. आणि तो माणूस पाणी मागत मेला. ते कळल्यावर तुझ्या दादाला घास गिळवला नाही."

"कोण म्हणतं असं?"

"कोंडिराम. त्याच्या हातांत गेला तुझा दादा."

खालून त्याच्या नावाने हाका आल्या. तो पुढे सरला, तशी आईसाहेबांनी मला पात्यालाच धरलं, उघड्या हाताने. त्याने हिसका दिला. मी त्यांच्या तळव्यात हाडापर्यंत उतरले. त्यांनी मूठ आवळली.

"ओढ आता," त्या म्हणाल्या. "खाली ज्याला मारशील, त्याचंही असंच होणार. आधी इथे बघून घे."

रक्त कोपरावरून फरशीवर टपटपत होतं. अभिनवने माझी मूठ सोडली, आईसाहेबांनी बोटं उघडली आणि मी खाली पडले. त्याने टॉवेल आणून आईचा पंजा गुंडाळला आणि तिला धरून जिना उतरवला.

"सरका रे, डॉक्टरकडे जायचंय," तो पोरांना म्हणाला. टॉवेलातून ठिबकणारं रक्त बघून दोघातिघांनी सळया टाकल्या आणि ते रिक्षा शोधायला पळाले. जमाव काही आला नाही. आईसाहेबांची दोन बोटं मात्र पुन्हा कधी वाकली नाहीत.

आता मी लोखंडी कपाटात, जुन्या चादरींखाली असते. त्या दिवसापासून मला कुणी पुसलेलं नाही. पात्यावर तांबूस गंज चढतोय. मित्रांनो, माझ्यासारख्या वस्तू तुम्हाला विनवतात, आम्हाला जपा, घासूनपुसून ठेवा. माझं मागणं वेगळं आहे. मला तेल लावू नका. माझी धार काढू नका. मला हातात घेऊन फोटो काढू नका. जपायचंच असेल तर परागच्या त्या चार ओळी जपा. अभिनवला त्या आता पाठ आहेत. गंज टोकापर्यंत पोचला की मी कुणाच्याच कामाची राहणार नाही. त्या दिवसाची मी वाट बघतेय.