रिव्हर्सवाली

"पुढे घ्या बाई, पुढे!" आगारातल्या ड्रायव्हरभरतीचे परीक्षक ओरडले आणि माझ्या धाकट्या जावेने बस झोकात मागे घेतली.

भिंतीशी बसलेले उमेदवार फिदीफिदी हसले. तिच्या लेकीला कडेवर घेऊन मी नळाशी उभी होते. जीव टांगणीला लागला होता.

आम्ही दोघी जावा त्याच आगारात बस धुतो. तिथे बस लावणाऱ्याचा खांदा निखळला, तेव्हा फोरमनने आम्हाला विचारलं होतं, "स्टिअरिंगवर कोण बसतं?" मी मागे सरले. धाकटीने लेक माझ्याकडे दिली आणि वर चढली. धुण्याच्या जागेत बस मागेच घ्यावी लागते. बाहेर काढायला ड्रायव्हर येतो. त्यामुळे हात बसला तो मागे जाण्यावर. सगळे तिला रिव्हर्सवाली म्हणत. पुढे चालवायला ती आत्ता कुठे शिकली होती, फोरमनच्या मागे लागून. बाकीचे उमेदवार ड्रायव्हरांची पोरं, बापाच्या मांडीवर स्टिअरिंग फिरवत मोठी झालेली. आमच्या दोघींच्या माहेरी सायकलसुद्धा नव्हती.

"आणखी एक चूक झाली की खाली उतरायचं," परीक्षकांनी दम दिला.

ती पुढे गेली. गचके देत, पण गेली. मग शेवटचं काम, दोन पिंपांच्या मधून बस मागे घ्यायची. आधीच्या प्रत्येकाने एखादं तरी पिंप आडवं केलं होतं. धाकटीने दोन्ही आरसे पाहिले आणि सुईत दोरा ओवावा तशी बस आत घातली. भिंतीकडचं हसू बंद झालं. फोरमनने शिट्टी मारली. मी रडले, लपवू कशाला?

ती ड्रायव्हर म्हणून रुजू झाली, त्या दिवशी पहिली पाळी संपवून संध्याकाळी तिने बस माझ्यासमोर लावली, अर्थात मागे घेत. उतरली आणि सवयीने बादलीला हात घातला. मी बादली ओढून घेतली.

"ठेव ती. ड्रायव्हरीणबाईंनी आता घरी जायचं."

"जाऊबाई, तुम्ही एकट्याच..."

"हेवा वाटतोय मला तुझा. काच घासली की जाईल. निघ तू."

ती हलेना. "तुम्ही पोरीला घेतलं नसतं, तर मी चढलेच नसते."

"माहितीये. उद्या सुट्टी आहे माझी. पहिल्या फेरीला येते, पुढची जागा धरून ठेव."

"तिकिटाचं मी बघते."

"खबरदार! इतकी वर्षं बस धुतल्या, एकदा तरी तिकीट काढून ऐटीत बसू दे."

मग मी पुढची काच धुवायला घेतली. उद्या मला तिच्यातूनच रस्ता बघायचा होता.