खिडकीची खाट

आयसीयूत कोण जगेल आणि कोण जाईल, हे सांगणारे पुष्कळ असतात. मधेच कोण अडकणार, ते मला कळतं. असा माणूस मरत नाही आणि घरीही जात नाही. व्हेंटिलेटर काढला की धाप लागते, लावला की नुसता पडून. दंड सुकतात, पावलं सुजतात. बोरिवलीच्या आमच्या आयसीयूत असा पेशंट ओळखला की मी त्याला खिडकीजवळच्या खाटेवर हलवते. निदान दिवस-रात्र तरी कळावी. नातेवाइकांना वाटतं, डॉक्टरीणबाईंनी हलवलं म्हणजे सुधारतोय. कोण त्यांचं तोंड कडू करणार?

हे घरात फक्त बाबांना ठाऊक होतं. आई भांडी आवरायला गेली की ते हळूच विचारायचे, "काय गो शर्मिष्ठा, आज खिडकेत कोण?" मी नाव सांगायचे. काशीराम. मग अंबादास. "माका थंय घालू नको हां," बाबा म्हणायचे आणि मी हसायचे. ती माणसं अजून माझी पाठ सोडत नाहीत. खाट रिकामी असली तरी मला उशीवर डोकं दिसतं.

मग बाबांनाच न्यूमोनिया झाला. घरच्या माणसावर आपण उपचार करायचे नसतात, म्हणून ते माझ्या हाताखालच्या विशालकडे. मी रोज त्यांचे दंड चाचपायचे आणि स्वतःची समजूत घालायचे, बाबा मुळातच सडपातळ. गळ्याला भोक पाडून नळी घातली, तेव्हाही म्हटलं, निघेल लवकर.

आज सकाळी मी गेले तर त्यांची खाट रिकामी. मग खिडकीकडे नजर गेली.

"विशाल, कोणी सांगितलं तुला हे?"

"मॅम, तुम्हीच शिकवलंत ना," तो खाली बघत म्हणाला.

त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. त्याचं बरोबर होतं, म्हणूनच.

आईचा चेहरा मात्र फुलला होता. "चेडवा, खिडकी गावली! आता लवकर घराकडे नेतले," असं म्हणत तिने पडदा सरकवला. बाबांनी बाहेर पाहिलं, मग माझ्याकडे. नळीमुळे आवाज फुटत नव्हता, नुसते ओठ हलले. असे ओठ वाचण्यात माझी वर्षं गेलीत. आज ते वाचता आले नसते तर बरं झालं असतं.

आज खिडकेत कोण?

"काय म्हणतत गो?" आईने विचारलं.

"पडदा उघडाच ठेव म्हणतायत," मी म्हणाले.