नंदाच्या नावावरची भीती

नीलने स्वतःच्या तोंडाने "मला जायचं नाही" म्हटलं असतं, तर निशिकांतचा तिहेरी फायदा होता. मुलगा इथल्या सक्तीच्या सैन्यसेवेतून सुटला असता, तिची दोन वर्षं वाचली असती, आणि भित्रा कोण या प्रश्नाचं उत्तर सतरा वर्षांच्या मुलाच्या नावावर गेलं असतं. वर मुलाच्या इच्छेला मान देणारा बाप म्हणून कौतुक.

तिसऱ्या फायद्याची गरज मोठी होती, कारण बुकित बातोक या परदेशी उपनगरातल्या मराठी मंडळींत 'पळपुटा' हा शब्द निशिकांतनेच चालू केला होता. दोन वर्षांपूर्वी त्यांच्यातल्याच प्रबोधने आपल्या मुलाचं पीआर, म्हणजे इथे कायम राहायचा परवाना, परत केलं आणि त्याला पुण्याला धाडलं, तेव्हा. "इथलं सगळं ओरपायचं, आणि वर्दीची वेळ आली की पळायचं? पळपुटा!" हातात पुरी धरून, भर पंगतीत. प्रबोध हजर नव्हता, त्यामुळे आवाज छान लागला होता.

आता सैन्यात हजर होण्याचं पत्र नीलला आलं.

"मनातलं सांग, नील. दडपण घेऊ नकोस."

"आय ॲम ओके, बाबा."

"पाय मुरगळतो ना तुझा?"

"ते तीन वर्षांपूर्वी, सेकंडरी टूमध्ये, लाह. सगळे फ्रेंड्स जातायत. मी पण जाणार."

आठवडाभर निशिकांतने उकाडा काढला, जंगलातले डास काढले, कॉलेजचा प्रवेश काढला. पोरगं बधेना. मग तो नंदाकडे वळला.

"तू बोल. आईचं ऐकेल."

"काय बोलू? मला भीती नाही वाटत."

"आई आहेस. वाटायला हवी."

"अरे, तुला वाटतेय तर तूच सांग की! बापाला भीती वाटली तर काय गुन्हा आहे?"

सल्ला चांगला होता आणि फुकट होता. निशिकांतने घेतला नाही. नीलचं पीआर परत करायचा अर्ज त्याने भरला, सही केली, आणि घरी नंतर सांगितलं.

मंडळींना मात्र तो म्हणाला, "काय करणार, नंदाचा धीरच होईना."

बापाला लावली तर शिवी, आईला लावली तर माया. भीतीचा भाव असा माणूस बघून ठरतो. मंडळींच्या पुढच्या जेवणाला त्यांच्यातल्या राधिकाने नंदाचा हात हातात घेतला. "आईचं काळीज गं. भित्रंच असायचं."

नंदाने नवऱ्याकडे पाहिलं. तो आमटी ढवळत होता. नील समोरच बसला होता, आणि त्याला बारा दिवसांनी हा देश सोडून निघायचं होतं. एक वाक्य पुरलं असतं.

"हो गं," नंदा म्हणाली.

नील गेला. मित्र त्याने दिले, शाळा दिली, आणि सैन्य टाळलेल्याला पीआर पुन्हा सहसा मिळत नाही, म्हणून इथे परतायची वाटही जवळजवळ देऊन टाकली. नंदाने आपलं नाव दिलं. निशिकांतकडे अजून कोणी काही मागितलेलं नाही.